काळ्या रानातली पाणंद: ट्रॉल्या सुरू व्हायच्या आधी काय करायचं

दसरा झाला की मला फोन सुरू होतात. "अण्णा, कारखाना पेटायला आला, पाणंदीत चार डंपर मुरूम टाकून घेऊया काय?" मी नको म्हणतो आणि दरवर्षी कुणीतरी टाकतोच. जानेवारीत त्याच पाणंदीत उसानं भरली ट्रॉली आसापर्यंत रुतते. मग दुसरा ट्रॅक्टर पुढं जोडून ओढायचा, आणि ओढताना उरलीसुरली पाणंदही उखडायची.

मी निपाणीच्या खालचा, वेदगंगेकाठचा. सिव्हिलचा डिप्लोमा करून तीसेक वर्षं रस्त्याच्या कामांवर सुपरवायझर होतो. कधी हुक्केरी-गोकाककडं, कधी खानापूरच्या जांभ्यात. आता घरचा ऊस बघतो. खानापूरला जांभ्यावर रस्ता करायचा म्हणजे निम्मं काम देवानंच करून ठेवलेलं असतं. आमच्या काळ्या रानात तसं नाही. इथली माती उन्हाळ्यात हात जाईल एवढी भेगाळते आणि पावसात फुगून लोण्यासारखी होते. पुढचं सगळं या काळीसाठीच आहे. लाल मातीवाल्यांनी एवढी यातायात करायची गरज नाही.

आधी माती मोडते कशी ते बघा

माझी सासुरवाड येळ्ळूरची. बेळगावच्या दक्षिणेचा तो सगळा भातपट्टा. पहिल्यांदा तिथं रोप लावायला गेलो तेव्हा मेहुण्याची चिखलणी बघत बांधावर बसलो होतो. वाफ्यात पाणी भरलेलं, टिलर फिरतोय. पहिल्या फेरीनंतर ढेकळं तशीच होती. तिसऱ्या फेरीला ती विरघळायला लागली. सहाव्या फेरीला पाय घातला तर पोटरीपर्यंत गेला. माती तीच, पाणी तेवढंच, टिलरही तोच. बदलल्या होत्या त्या फक्त फेऱ्या. मी नोकरीत वीस वर्षं घालवून जे पुस्तकातून अर्धवट शिकलो होतो ते बांधावर बसून पुरतं कळलं. चिखलणीत आपण काळी माती मुद्दाम मोडतो. ओल्या पाणंदीत तेच काम ट्रॉल्या करतात, तेही आपण ऊस भरून दिलेल्या वजनानं.

आत काय होतं ते सांगतो. काळी माती म्हणजे बहुतेक करून माँटमोरिलोनाइट नावाच्या खनिजाचे अतिबारीक पापुद्रे, दोन मायक्रॉनपेक्षाही लहान. पापुद्र्यांच्या मधे पाणी शिरतं, म्हणून ती फुगते. चाकाचं ओझं आलं की आधी ते या अडकलेल्या पाण्यावर येतं. वाळू असती तर पाणी लगेच बाजूला पळालं असतं आणि ओझं कणांवर आलं असतं. चिकणमातीतून पाणी निघायला आठवडे, कधी महिने लागतात. पाणी दाबाखाली असतं तोवर कणांची एकमेकांवरची पकड सैल राहते. मातीची ताकद एकूण ओझ्यावर ठरत नाही. एकूण दाबातून पाण्याचा दाब वजा करून जे उरतं त्यावर ठरते. हे 1925 साली कार्ल टेर्झागी यांनी मांडलं आणि मृदा अभियांत्रिकी त्यावरच उभी आहे.

आता एक ट्रॉली गेली. पाण्याचा दाब उतरला, पण पुरता उतरला नाही, थोडा शिल्लक राहिला. दुसरी ट्रॉली आली, ती त्या शिल्लकीवर आपला दाब चढवते. सोसायटीच्या कर्जासारखं आहे हे. हप्ता भरायच्या आत पुढचं व्याज चढतं. शिवाय दर फेरीला माती केसभर दबते आणि ते केसभर परत येत नाही. पन्नास ट्रॉल्या काहीच न दिसता जातात आणि एकावन्नावी रुतते. लोक एकावन्नाव्या ट्रॅक्टरवाल्याला शिव्या देतात. त्याचा दोष इतकाच की तो उशिरा आला.

यात एक चांगली गोष्ट आहे. दर फेरीला मातीवर येणारा ताण एका मर्यादेच्या खाली असला, तर दबणं हळूहळू कमी होत थांबतं. आपण म्हणतो ना, रस्ता "बसला", तेच ते. मर्यादेच्या वर गेलात तर दबणं थांबत नाही, आणि शेवटी तर एकदम वाढतं. ही मर्यादा मातीच्या ओलीप्रमाणे वरखाली होते. म्हणून पाणंद टिकवायची म्हणजे तीन कामं: खालची माती कोरडी ठेवायची, वरचं ओझं पसरवायचं, आणि मातीला दम घ्यायला वेळ द्यायचा. आमच्याकडं लोक फक्त दुसरं करतात, तेही उलट्या पद्धतीनं.

घरच्या घरी तपासणी

प्रयोगशाळेत जायच्या आधी स्वयंपाकघरात जा. (घरच्यांची परवानगी काढा. मी काढली नव्हती.) पाणंदीची माती वीतभर खालून काढा, वाळवा, कुटा, पिठाच्या चाळणीनं चाळा. तिचा पोळीच्या कणकेपेक्षा सैल गोळा मळून स्टीलच्या वाटीत थापा आणि मधून सुरीनं एक घळ पाडा. आता वाटी तळहातावर बोटभर उंचीवरून आपटत राहा. पहिल्या पाच-सात आपट्यांत काही होत नाही. मग माती चकाकायला लागते, दोन्ही कडा एकमेकींकडं सरकतात आणि घळ बुजते. प्रयोगशाळेतल्या कासाग्रांदेच्या यंत्रातही हेच होतं. पितळी वाटी एक सेंटीमीटरवरून पडते, आणि ज्या ओलीला 25 ठोक्यांत घळ तळाशी अर्धा इंच बुजते तिला द्रव मर्यादा म्हणतात. दर ठोका सारखाच असतो, आणि पंचविसाव्याला माती वाहते.

दुसरी तपासणी फुगण्याची. चाळलेली, पूर्ण वाळलेली माती 10 ग्रॅम एका 100 मिलीच्या मापाच्या नळीत, तेवढीच दुसऱ्या नळीत. एकीत रॉकेल, दुसरीत शुद्ध पाणी. (रॉकेल हल्ली शोधावं लागतं.) ढवळून हवा काढा आणि चोवीस तास हलवू नका. रॉकेलमध्ये माती फुगत नाही, पाण्यात फुगते. आमच्या पाणंदीची माती रॉकेलात 12 मिलीवर बसली, पाण्यात 21 वर. म्हणजे 9 जास्त, भागिले 12, पाऊणपट, 75 टक्के. हा आकडा 50 च्या वर असलेली माती महामार्गाच्या भरावात चालत नाही. आपल्याला मात्र तिच्यावरच राहायचंय.

तिसरी तपासणी सगळ्यात उपयोगाची, ती म्हणजे वाफसा. शेतकऱ्याला वेगळं सांगायला नको. मूठभर माती दाबली की गोळा व्हावा, हाताला चिकटू नये, आणि कमरेइतक्या उंचीवरून सोडला की फुटावा. रोलर चालवायची ओल हीच. प्रयोगशाळा तिला नेमका आकडा देते, पण साईटवर मी आकड्याआधी मूठ बघायचो.

मी स्वतः घातलेला घोळ

निवृत्त होऊन आलो त्या वर्षी आमचीच पाणंद करायला घेतली. भाऊबंद म्हणाले, तू इंजिनिअर माणूस, कर. ऑक्टोबर संपत आला होता. परतीचा पाऊस जाऊन आठच दिवस झालेले. वरची दोन बोटं माती सुकलेली, खाली ओल. मला दिसत होतं, पण कारखाना पंधरा दिवसांवर आलेला. रोलर लावला. रोलरवाला हुक्केरीकडचा, वयस्क, कानडी माणूस. चौथ्या फेरीला त्यानं रोलर थांबवला, खाली वाकून बघितलं आणि म्हणाला, "मण्ण कुणियाकत्तैति री." माती नाचायला लागलीय साहेब.

खरंच नाचत होती. ड्रमच्या पुढं गादीसारखी लाट उठत होती आणि ड्रम गेला की मागं बसत होती. मी म्हणालो, अजून चार फेऱ्या मार, बसेल. तो काही बोलला नाही, फेऱ्या मारल्या. दर फेरीला लाट मोठी होत गेली. शेवटी पृष्ठभागावर तेलासारखं पाणी चमकायला लागलं आणि ड्रमला आडव्या बारीक भेगा पडल्या. मी दहा टनाच्या रोलरनं चिखलणी केली होती. त्यावरच दगड पसरले, वर मुरूम ओढला. दिसायला झकास. जानेवारीच्या तिसऱ्या आठवड्यात पहिली ट्रॉली बसली. खणून बघितलं तर दगड दीड फूट खाली गेलेले आणि त्यांच्या मधून काळी राबडी वर आलेली. त्या रोलरवाल्याला नंतर एका कामावर भेटलो तेव्हा त्यानं विषय काढला नाही. मीही नाही.

यातून दोन नियम. माती नाचली की रोलर थांबवा. जास्त फेऱ्यांनी ओली काळी आणखी कमजोर होते. आणि मोठा दगड कधीही थेट काळीवर टाकू नका. चाक गेलं की दगड खाली रुततो आणि दाबलेला चिखल फटींतून वर येतो. चाकागणिक पंप मारल्यासारखं चालतं. रेल्वेच्या खडीतही हेच होतं, म्हणून तिथं खडीखाली वेगळा थर असतो.

काम करायचं ते असं

वेळ: फेब्रुवारी ते मे. पाण्याची पाळी बंद असताना किंवा शेजारचा ऊस तुटल्यावर. दसऱ्यानंतर काळीला हात लावू नका. दसऱ्यानंतर फक्त चर साफ करायचे.

पहिलं काम चराचं. आमच्याकडं पाणंद शेतापेक्षा खाली असते, कारण वर्षानुवर्षं चाकोऱ्या खोल जात गेल्या आणि दोन्हीकडचे बांध आत सरकत आले. म्हणजे ती पाणंद राहिली नाही, ओढा झाला. दोन्ही बाजूंना चर काढा. चराचा तळ पाणंदीत रोलरनं बसवायच्या काळ्या थराच्या तळापेक्षा किमान फूटभर खाली हवा, आणि पाणी कुठंतरी नाल्याला जाऊन मिळालं पाहिजे. नुसता लांबट खड्डा काढून त्यात पाणी साठवलंत तर चर नसलेला बरा. चराच्या कडा उभ्या ठेवू नका. काळी माती पहिल्याच पावसात ढासळते. चराला जागा सोडायची म्हटलं की भाऊबंदकी उभी राहते. आमच्या एका चुलत्यानं दीड फुटासाठी दोन वर्षं बोलणं सोडलं होतं. मग त्याचीच ट्रॉली अडकली.

पावसापेक्षा मोठा शत्रू उसाचा पाट. पाऊस चार महिने, पाट बारा महिने. पाणंद ओलांडणारा पाट असेल तर सिमेंटचा पाईप घाला आणि सांधे नीट बुजवा. पाईपचा सांधा गळतो तेव्हा वर काही दिसत नाही, आतून माती भिजत राहते आणि ट्रॉली नेमकी तिथंच बसते. शेजारी ठिबकवर गेला तर त्याला चहा पाजा.

मग माती. वरची वीतभर मुळ्या-पाचटाची काढून शेतात टाका. खालची नांगरून वाफशावर आणा, आठ इंच सैल थर पसरा, रोलरनं सहा इंचांवर येईल. मेंढीपाय रोलर मिळाला तर उत्तम, तो चिकणमातीला मळतो आणि ढेकळं फोडतो. मधे उंच, कडेला उतार: दर फुटाला अर्धा इंच. शेवटी एक भरलेली ट्रॉली अगदी हळू चालवा आणि तुम्ही चाकाशेजारून वाकून चाला. चाकाखाली माती लवून परत उठते ती जागा चुन्यानं खूण करून ठेवा. तेवढी उकरून वाळवा आणि परत बसवा. या एका फेरीत जे कळतं ते कुठल्याही कागदात नसतं.

पैसे असतील तर या थरात चुना मिसळा. चुन्याचं कॅल्शियम मातीच्या पापुद्र्यांना जोडून धरतं, फुगणं कमी होतं, आणि चिकट माती दोन दिवसांत भुसभुशीत होते. डोळ्यांना दिसेल असा बदल असतो. प्रमाण साधारण कोरड्या मातीच्या 3 ते 5 टक्के. हिशोब करा: दहा फूट रुंद, शंभर फूट लांब, सहा इंच थर म्हणजे 500 घनफूट, साधारण 14 घनमीटर. घनमीटरला दीड टन धरलं तर 21 टन माती. 4 टक्के म्हणजे साडेआठशे किलोच्या आसपास चुना, पन्नास किलोच्या सतरा पिशव्या. मिसळून ओलं करून एक दिवस तसंच ठेवा, दुसऱ्या दिवशी परत फिरवून रोलर मारा. डोळ्यांवर चष्मा, हातात मोजे, आणि वारा सुटलेला असताना पसरू नका. एक मात्र लक्षात ठेवा: चोपण (क्षारानं बिघडलेली जमीन) सुधारायला ज्या रानात जिप्सम टाकलंय, तिथली माती चुन्यासाठी वापरायच्या आधी तपासून घ्या. सल्फेट असलेल्या मातीत चुना घातला तर ती उलट फुगून वर येऊ शकते.

काळीवर थेट दगड नाही म्हटलं, मग काय? मधे तीन-चार इंच वाळू किंवा क्रशरची जाड डस्ट, नाहीतर जिओटेक्स्टाईल कापड. काम एकच, चिखल वर येऊ द्यायचा नाही आणि दगड खाली जाऊ द्यायचा नाही. खताची पोती शिवून अंथरणारे बघितलेत. पहिल्या हंगामात शिवण उसवते. वाळूच्या किंवा कापडाच्या थरावर सोलिंग (मोठ्या दगडांचा थर), वर मुरूम, आणि एकूण जाडी दीड फुटाच्या खाली नको. भिजवलेल्या काळीचा सीबीआर (माती किती ओझं पेलते ते सांगणारा आकडा) बहुधा 2 ते 4 टक्के येतो, म्हणजे जवळपास काहीच नाही. तेव्हा ओझं पसरवायला जाडी लागतेच. आयआयटी मुंबईचे प्रा. आर. के. कट्टी यांनी कालव्यांसाठी न फुगणाऱ्या पण कण धरून ठेवणाऱ्या मातीचा थर सुचवला होता, तो मीटरभर जाडीचा. पाणंदीला तेवढा परवडत नाही, पण तत्त्व तेच. वरचा थर खालच्या मातीची ओल एकसारखी ठेवतो आणि तिला फुगू देत नाही. मुरूम घेताना खाणीची परवानगी बघा आणि हातात चोळून बघा. पावसाळ्यात चिकटणारा मुरूम मुरूम नव्हे, लाल चिखल.

हंगामात

वजनाचं गणित सगळ्यांनी ऐकावं असं आहे. अमेरिकेत इलिनॉय राज्यातल्या ऑटावाजवळ 1958 ते 1960 मध्ये मुद्दाम रस्ते बांधून त्यांवर ट्रक फिरवले गेले. त्यातून निघालं की रस्त्याचं नुकसान एका आसावरच्या वजनाच्या साधारण चौथ्या घाताप्रमाणे वाढतं. वजन सव्वापट केलं तर नुकसान अडीचपटीच्या जवळ. दुप्पट केलं तर सोळापट. ते पक्के रस्ते होते, तो आकडा पाणंदीला तंतोतंत लागू होईल असं नाही, पण दिशा तीच. ट्रॉलीवर "अजून चार मोळ्या बसतील" म्हणणाऱ्याला हे सांगा. तो ऐकणार नाही, कारण त्याला टनावर पैसे मिळतात.

म्हणून जे हातात आहे ते करा. नव्या पाणंदीवर पहिले आठ-दहा दिवस ट्रॉल्या कमी भरा आणि एकीमागं एक लावू नका. खाली निचरा असेल तर हलक्या ओझ्यानं माती पाणी सोडत घट्ट होते, आणि मग भरली ट्रॉली झेलते. चाकं एकाच चाकोरीत जाऊ देऊ नका. कुणाला तरी आज डाव्या अंगानं, उद्या उजव्या अंगानं चालवायला सांगा. मधे अवकाळी आला तर दोन-तीन दिवस पाणंद बंद ठेवा. तोडणी टोळी थांबते, मुकादम ओरडतो, कारखान्याचा स्लिपबॉय फोन करतो. तरीही.

आणि रोज सकाळी एकदा पाणंदीवरून चाला. चाकोरी पडलीय पण बाजूला काही उठलेलं नाही, तर वरचा मुरूमच दबलाय. ओढून घ्या, भागतं. चाकोरीच्या दोन्ही बाजूंना, विशेषतः दोन चाकोऱ्यांच्या मधे, माती फुगून वर आलीय, तर खालची काळी मोडलीय. तिथं वरून मुरूम टाकणं म्हणजे विहिरीत पैसे टाकणं. तेवढा पट्टा उकरायचा, चिखल बाहेर काढायचा, पाणी कुठून येतंय ते शोधायचं, आणि डस्ट-दगड-मुरूम असं परत भरायचं. मुरमाच्या फटीतून काळे ओघळ दिसले तर दगडाखाली पंप सुरू झालाय, अजून रुतलेलं नाही एवढंच. मार्च-एप्रिलमध्ये कडेनं लांबच लांब उभी भेग गेली तर घाबरू नका, कड सुकून आकसते आणि मध्य ओला असतो. ती पावसाआधी मुरूम-मातीनं बुजवा, नाहीतर जूनचं पहिलं पाणी थेट त्या भेगेतून खाली उतरतं. कडेला निलगिरी असेल तर ती भेग दरवर्षी तिथंच येणार.

यंदा आमच्या पाणंदीत एकच जागा ओली दिसली, मोटारीच्या खोलीजवळ, जिथं पाईप जातो. सांधा उघडून बघितला तर खेकड्यानं पोखरलेला. उद्या सिमेंट घेऊन जायचंय.